जोडणी जिवंत आहे, हे कोण सांगणार?

रात्री दोन वाजता देखरेखीच्या पडद्यावर सगळे हिरवे आहे आणि बराच वेळ एकही नवी ओळ आलेली नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक तर सगळे कंटेनर सुरळीत चालू आहेत आणि सांगण्यासारखे काही घडलेले नाही. किंवा मग सांगणारी वाटच बंद पडली आहे आणि पलीकडे काय चालले आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पडद्यावर हे दोन्ही अर्थ सारखेच दिसतात. पैशांची देवघेव, तिकिटे, दवाखान्यांच्या नोंदी अशा कितीतरी सेवा आता कंटेनरांत, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त करून चालवायच्या डब्यांत, चालतात. त्यामुळे हा फरक ओळखता येणे ही केवळ तंत्रज्ञांची अडचण राहिलेली नाही. सेवा चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याचे उत्तर स्वतःजवळ तयार ठेवायला हवे.

टीसीपी कनेक्शन म्हटले की दोन यंत्रांना जोडणारी एखादी तार डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात असते ती दोन्ही टोकांच्या मेमरीतली एकेक नोंद: समोर कोण आहे आणि कितव्या बाइटपर्यंतचा मजकूर पोचला आहे. बोलायला काही नसेल तर त्या दोघांमधून एक पॅकेटही जात नाही, आणि तरीही कनेक्शन चालू आहे असेच दोघे मानतात. प्रोसेस मेली तर ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या वतीने समोरच्याला कळवते. मशीनच अचानक बंद पडले किंवा मधली वाट तुटली, तर मात्र कळवायला कोणी उरत नाही. फोन कानाला लावून बसावे आणि पलीकडचा माणूस विचार करतोय की लाइनच गेली आहे हे कळू नये, तशी ही अवस्था. अशा एका टोकाने मेलेल्या कनेक्शनला जाणकार ‘हाफ-ओपन’ म्हणतात.

कंटेनरांच्या जगात ही अडचण अधिक बोचते. कंटेनर चालवणारे डॉकर 2013 मध्ये लोकांपुढे आले, त्यानंतरच्या वर्षी गूगलने अनेक मशीनांवरचे कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीस खुले केले, आणि प्रोग्राम एका ठरावीक मशीनवर वर्षानुवर्षे बसलेला असतो ही धारणा मोडली. कंटेनर काही मिनिटांसाठी जन्माला येतो, दुसऱ्या मशीनवर, म्हणजे नोडवर, हलवला जातो, त्याचा आयपी पत्ता बदलतो. काय कुठे आहे हे सतत विचारत बसले तर विचारणाऱ्यांच्या गर्दीनेच ही माहिती देणारा एपीआय सर्व्हर दमून जाईल. म्हणून कुबरनेटीसने ‘वॉच’ची पद्धत घेतली: एकदा पूर्ण यादी मागायची, मग एक कनेक्शन उघडे ठेवायचे आणि बदल होईल तसा तो त्यावरून येऊ द्यायचा. लॉग वाहते ठेवणे, चालू कंटेनरमध्ये शिरून आज्ञा देणे, नोडवरच्या एजंटने आपली खबर कळवणे, हे सारे अशाच दीर्घकाळ उघड्या जोडण्यांवर उभे आहे.

या जोडण्या तोडतो कोण? बहुतेक वेळा मधला माणूस, म्हणजे एनएटी, फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर. तिथून जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद त्याला ठेवावी लागते आणि त्याची मेमरी मर्यादित असते. म्हणून ठरावीक वेळ शांत राहिलेली नोंद तो पुसून टाकतो. अॅमेझॉनच्या एनएटी गेटवेवर ही मर्यादा 350 सेकंदांची आहे, त्यांच्याच अॅप्लिकेशन लोड बॅलन्सरवर मुळात 60 सेकंदांची, तर अझ्युरच्या लोड बॅलन्सरवर मुळात चार मिनिटांची. नोंद पुसली गेल्याची खबर दोन्ही टोकांना मिळेलच असे नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा पाहा. कनेक्शन जिवंत आहे की नाही हे तपासण्याची सोय टीसीपीतच आहे, तिला कीपअलाइव्ह म्हणतात. लिनक्सवर प्रोग्रामने ती मागून घेतली, तर मुळातल्या सेटिंगनुसार पहिली चाचपणी 7200 सेकंदांच्या शांततेनंतर होते. उत्तर आले नाही तर 75 सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ वेळा विचारले जाते. म्हणजे मेलेले कनेक्शन मेलेले आहे हे कळायला दोन तास अकरा मिनिटे पंधरा सेकंद. मधल्या पेटीने नोंद पुसली सहाव्या मिनिटाला, आणि आपण तपासायला निघणार दोन तासांनी.

हे दोन तास आले कुठून, ते समजून घेतले की चूक कोणा एकाची नाही हे दिसते. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या यंत्रांनी कसे वागावे याचा दस्तऐवज 1989 मध्ये आरएफसी 1122 या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. कीपअलाइव्ह द्यायचे तर द्या, पण मुळात बंद ठेवा आणि मधल्या अंतराचे मुळातले सेटिंग दोन तासांपेक्षा कमी ठरवू नका, असे त्यात सांगितले आहे. कारणेही दिली आहेत: वाट क्षणभर तुटली तर चांगले कनेक्शन उगाच मारले जाईल, बँडविड्थ वाया जाईल, आणि जिथे पॅकेटमागे पैसे मोजावे लागतात तिथे खर्च वाढेल. त्या काळाला ते शहाणपण शोभणारे होते. आज मधल्या वाटेवर पावलोपावली नोंद ठेवणाऱ्या पेट्या बसल्या आहेत आणि पॅकेटमागच्या खर्चाची ती चिंता उरलेली नाही, पण आकडा तोच आहे. डिफॉल्ट म्हणून जे मिळते ते कोणीतरी आपला विचार करून ठरवले असेल, हा विश्वास इथे महागात पडतो.

शांत कनेक्शनचे हे झाले. ज्यावर आपण काही लिहू पाहतो ते कनेक्शन मेले तर लगेच कळेल, असे वाटते. तसेही होत नाही. पोच आली नाही की लिनक्स तेच पॅकेट पुन्हा पाठवते, दर वेळी अधिक थांबून. मुळातल्या सेटिंगनुसार हार मानायला साधारण 924 सेकंद जातात, म्हणजे पंधरा मिनिटांहून जास्त.

कुबरनेटीसमध्ये या आकड्याने खरे नुकसान केले आहे. प्रत्येक नोडवर क्युबलेट नावाचा राखणदार असतो. ‘मी जिवंत आहे’ अशी हार्टबीट तो साधारण दर दहा सेकंदांनी एपीआय सर्व्हरकडे पाठवतो. अनेक वर्षे चालत आलेल्या मुळातल्या सेटिंगमध्ये चाळीस सेकंद हार्टबीट आली नाही की नोडची स्थिती ‘अज्ञात’ ठरे. त्यानंतर 300 सेकंदांनी त्या नोडवरचे पॉड, म्हणजे कंटेनरांचे गट, काढून टाकण्याची खूण होई आणि त्यांच्या जागी दुसरीकडे नवे उभे राहत. बेरीज होते 340 सेकंद. आता मधला लोड बॅलन्सर गुपचूप नाहीसा झाला असे समजा. क्युबलेटचे सगळे बोलणे एचटीटीपी/2 च्या एकाच कनेक्शनवरून चालते. ते मेले आहे हे त्याला ठाऊक नाही, तो त्यावरच लिहीत राहतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम 924 सेकंद आशा सोडत नाही. नोड ठणठणीत, कंटेनर ठणठणीत, ग्राहकांची कामेही चालू, आणि तरीही 340 व्या सेकंदाला वरून निर्णय होतो की इथले सगळे हलवा. क्युबलेटला जाग येते तेव्हा त्याच्या पॉडवर निकालाची मोहोर उमटलेली असते.

हा दोष काही वर्षे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. आधी उपाय झाला तो असा की हार्टबीट फसली तर क्युबलेटने आपली सगळी कनेक्शने तोडून नव्याने जोडायची. पुढे, 2020 च्या सुमारास, एचटीटीपी/2 च्या थरावरच चाचपणी आली: तीस सेकंद काही आले नाही की पिंग पाठवा, पंधरा सेकंदांत उत्तर नाही आले तर कनेक्शन बंद करा. पंधरा मिनिटांचे काम पाऊण मिनिटावर आले. ही सुधारणा आमच्या मते फार महत्त्वाची आहे, कारण कनेक्शन मेल्याचा निर्णय घेण्याची जबाबदारी तिने जाळ्याकडून काढून अॅप्लिकेशनकडे दिली. किती वेळ अंधारात राहणे परवडते हे अॅप्लिकेशनलाच ठाऊक असते.

मग सगळीकडे दर पाच सेकंदांना पिंग लावावे का? तसे करून चालत नाही. जीआरपीसी ही दूरच्या प्रोग्रामशी बोलण्याची पद्धत वापरणारा सर्व्हर मुळातल्या सेटिंगनुसार पाच मिनिटांपेक्षा लवकर येणाऱ्या रिकाम्या पिंगांना त्रास समजतो आणि ‘फार पिंग’ असे कारण देऊन कनेक्शन बंद करतो. हजारो एजंट असलेल्या यंत्रणेत हे संरक्षण योग्यच आहे. पण याची अझ्युरच्या त्या चार मिनिटांशी गाठ घालून पाहा. कनेक्शन टिकवायचे तर चार मिनिटांच्या आत पिंग हवे, सर्व्हर मात्र पाच मिनिटांच्या आतले पिंग खपवून घेत नाही. लोड बॅलन्सरची टीम आपल्या जागी बरोबर, सर्व्हरची टीमही बरोबर, आणि त्यांच्यामध्ये सापडलेले शांत कनेक्शन मरणारच. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिणारे माणूस बहुतेक ठिकाणी नेमलेलेच नसते.

तुटणे पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य केले की खरे कौशल्य पुन्हा जोडण्यात आहे हे लक्षात येते. कुबरनेटीसचा एपीआय सर्व्हर वॉचची कनेक्शने मुळात अमर ठेवतच नाही. ती अर्ध्या तासानंतर केव्हातरी, प्रत्येकाची वेळ वेगळी ठरवून, तो स्वतःच संपवतो. वेळ वेगळी ठेवण्यामागे विचार आहे: सगळे एकाच क्षणी तुटले तर सगळे एकाच क्षणी परत येतील. पुन्हा जोडताना ग्राहक शेवटचा पाहिलेला आवृत्ती-क्रमांक सांगतो आणि तिथून पुढचे बदल मागतो. तो क्रमांक फार जुना झाला असेल, तर सर्व्हर 410 हे उत्तर देतो: ते आता माझ्याकडे नाही, पूर्ण यादी पुन्हा घ्या. मुळातल्या सेटिंगमध्ये एटसीडी या कुबरनेटीसच्या माहितीसाठ्यातला जुना इतिहास दर पाच मिनिटांनी आवरला जातो, म्हणून हे उत्तर अपवादाने येते असे समजून लिहिलेला प्रोग्राम आज ना उद्या अडखळतो. लॉगच्या बाबतीत तर परतीची वाटही नसते. कंटेनरचा लॉग साधारण दहा मेगाबाइट झाला की फाइल बदलते आणि अशा मोजक्याच फायली ठेवल्या जातात. खूप लिहिणाऱ्या कंटेनरशी जोडणी तुटली आणि ते उशिरा कळले, तर मधल्या ओळी कायमच्या जातात. नेमक्या त्याच ओळी दुसऱ्या दिवशी हव्या असतात.

प्रोमिथियसने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. साउंडक्लाउडमध्ये 2012 साली सुरू झालेली ही यंत्रणा स्वतः प्रत्येक ठिकाणी जाऊन आकडे उचलते. उचलता आले तर ‘अप’ या आकड्याची किंमत एक, नाही आले तर शून्य. शांततेचे रूपांतर इथे मोजता येणाऱ्या गोष्टीत होते, आणि त्यामुळेच ही यंत्रणा लोकप्रिय झाली असे आम्हाला वाटते. तरीही प्रोमिथियसकडून इशारा पोचवणारी वाट बंद पडली तर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी ‘वॉचडॉग’ नावाचा, मुद्दाम सतत वाजत राहणारा अलर्ट ठेवायची रीत आहे. बाहेरची एखादी स्वतंत्र सेवा तो ऐकत असते आणि तो थांबला की माणसाला उठवते.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे: पुण्यात आणि मुंबईत ऑन-कॉल बसणाऱ्यांची मोठी फळी आहे, आणि देशभरच्या कितीतरी सेवा मुंबईतल्या डेटा सेंटरांतून चालतात. कंत्राटात सेवेच्या उपलब्धतेची टक्केवारी लिहिलेली असते. देखरेख स्वतः किती सेकंद आंधळी राहू शकते, हा आकडाही त्याच कागदावर यायला हवा आणि तो मोजून आलेला हवा. मोजायची रीत अवघड नाही. चाचणीच्या क्लस्टरवर एका नोडचे एपीआय सर्व्हरशी चालू असलेले कनेक्शन तेवढे फायरवॉलच्या नियमाने तोडावे, नव्या कनेक्शनची वाट मोकळी ठेवावी, पण तोडायचे ते पॅकेट नाकारून नव्हे, तर उत्तर न देता गिळून. नाकारले की कनेक्शन लगेच मरते आणि चाचणी सोपी होऊन बसते. खऱ्या बिघाडात नकार द्यायला कोणी नसते. मग घड्याळ लावून तीन वेळा नोंदवाव्यात: डॅशबोर्डला केव्हा कळले, माणसाला केव्हा कळले, आणि नियम तसाच असताना एजंट नव्या कनेक्शनने स्वतःहून केव्हा परत जोडला गेला. तिसरी वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास आली, तर ते 924 सेकंद अजून तिथे कुठेतरी बसले आहेत असे समजावे आणि शोध तिथून सुरू करावा.