उलट हिशेबाची विद्या

वजनास भावाने गुणावे, खर्च व कर मिळवावा, बेरीज मांडावी, एवढ्यालाच आपण व्यापारी लोक हिशेब समजतो. परंतु शेवटचा आकडा हाती घेऊन मूळ आकड्यापर्यंत ज्यास परत जाता येत नाही, तो अर्धाच हिशेब शिकला, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतास माझ्याच पेढीवरील एक प्रसंग कारण झाला. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्या-पिठावर, २५ किलोपर्यंतच्या मालास, ५ टक्के कराची व्यवस्था आली. आमच्या मुनीमाने करासह १,०५० रुपयांच्या कट्ट्यातून ५ टक्के, म्हणजे ५२.५० रुपये, वजा केले व मूळ किंमत ९९७.५० लिहिली. देवासचा एक लहान दुकानदार बिल घेऊन आला व म्हणाला, "शेटजी, यावर ५ टक्के चढवून पाहा बरे." बेरीज १,०४७ रुपये ३७ पैसेच आली! कर चढला होता १,००० वर. आम्ही तो उतरविला १,०५० वरून. मी खजील झालो व सारी बिले दुरुस्त करून दिली.

ज्या नियमाने ही चूक टळली असती, तो फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त व्यस्तविधी सांगितला. गुणाकार केला असेल तेथे भागाकार करावा, मिळविले असेल तेथे वजा करावे. आणि राशीत तिचाच काही अंश मिळविला असेल, तर छेदात अंश मिळवून तो भाग वजा करावा. ५ टक्के म्हणजे विसावा भाग. म्हणून परतताना एकविसावा भाग काढावा. १,०५० चा एकविसावा भाग ५०. मूळ किंमत १,०००! उलट, वाळून विसावा भाग घटलेला गहू पूर्ववत करण्यास उरलेल्याचा एकोणिसावा भाग मिळवावा लागतो.

ही विद्या आपणांस परकी नाही. जैन गणिती महावीराचार्यांच्या नवव्या शतकातील 'गणितसारसंग्रहा'तही हा विधी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखानुसार भास्कराचार्यांच्या एका पूर्वजास भोजराजाने 'विद्यापति' ही पदवी दिली होती. तो भोज आपल्या धारचाच!

आजचे बीजगणित यास व्यस्त फलन म्हणते. त्यात क्रमही उलटा धरावा लागतो. १२ क्विंटल गहू २,५०० च्या भावाने विकून ६०० रुपये गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हाती २९,४०० आले. भाव काढताना आधी ६०० मिळवावे, मग १२ ने भागावे. आधी भागून मग ६०० मिळविल्यास भाव ३,०५० निघतो व विनाकारण भांडण उभे राहते.

मात्र प्रत्येक वाटेस परतीची वाट नसते. वर्ग २५ असेल तर मूळ संख्या ५ की उणे ५, हे केवळ २५ वरून ठरत नाही. तसेच शरबती व लोकवन गव्हाची विक्री एकाच रकमेत लिहिली, तर कोणत्या मालाचे किती आले हे पुढे कोणताही पंडित सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक पायरी वहीत वेगळी नोंदवावी. ज्या हिशेबातून मागे फिरता येत नाही, त्यावर गिऱ्हाइकाने विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा?

"हे सर्व आता संगणक करतो," असे तरुण मंडळी म्हणतात. आमचे ते बिलही संगणकानेच छापले होते. चुकीची रीत त्यास माणसाने दिली होती.

तरी आपल्या संघाने धार व देवास येथे तरुण मुनीमांसाठी सायंकाळी काही दिवस या उलट हिशेबाचे वर्ग भरवावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांत मीही बसेन.