वहीबाहेरचा धूर

२०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर अरण्य जळाले. जूनमध्ये त्या धुराने शेकडो मैल दूरच्या न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी केले. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत सुमारे ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. कोळसा, तेल व वायू जाळून वर्षाकाठी याहून अधिक कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत. कॅनडाची लोकसंख्या मात्र अवघी चार कोटी!

हा धूर त्या देशाच्या खाती पडला असेल, असे कुणालाही वाटेल. पण वणवा ही 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून एकूण बेरजेबाहेर ठेवला जातो. विजेने लागलेल्या आगीला सरकार काय करणार, हा युक्तिवाद वरवर पटतो. परंतु ते वर्ष तेथे विक्रमी उष्ण आणि कोरडे होते. हवा तापवली माणसाने. मग सारे पाप निसर्गाच्या माथी कसे मारावे? जंगल पुन्हा वाढेल, हे खरे. पण त्याला कित्येक दशके लागतील. तोवर हा कार्बन हवेतच राहणार.

एकट्या कॅनडाला दोष देऊन भागणार नाही. मात्र उत्सर्जन किती घटवायचे हे ठरवताना जगाने हा धूर हिशेबात धरलाच पाहिजे. खर्च वहीत मांडला नाही, म्हणून कर्ज फिटत नाही.