सुई आणली, सावली विसरलो

मंडळी, उन्हाळा लागला की रसवंतीच्या घुंगरांबरोबर आणखी एक गोष्ट हमखास दारात येते. ती म्हणजे आरोग्य विकणारी पत्रके! यंदाच्या एका पत्रकात चिनी वैद्यकाचे 'समर पॅकेज' होते. ॲक्युपंक्चरच्या दहा बैठका, सोबत काढ्याच्या पुड्या, आणि वर हमी की शरीरातली उष्णता निघून जाईल, ऊन बाधणार नाही. माझे भांडण चिनी वैद्यकाशी नाही, या हमीशी आहे.

आधी त्या वैद्यकाची बाजू मांडतो. 'हुआंगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ऋतुचर्या आहे. उन्हाळ्यात पहाटे लवकर उठावे, मन प्रसन्न ठेवावे, रागराग करू नये, घाम दाबून ठेवू नये, असा त्याचा रोख आहे. चिनी घरांत आजही उन्हाळ्यात हिरव्या मुगाचे सार, कारले, कलिंगड, शेवंतीच्या फुलांचा चहा चालतो. आंबट प्लमचे सरबत तर आपल्या पन्ह्याचे चुलतभावंडच! दुपारी थोडी झोप घ्यावी आणि बर्फाचे पाणी टाळावे, हेही सांगतात. आपल्या वाग्भटानेही ग्रीष्मात हलके, गोड, पातळ अन्न आणि दिवसा झोप सांगितलीच आहे. दोन प्राचीन देशांतल्या शहाण्या माणसांना जवळपास एकच गोष्ट सुचली. पण या शहाणपणाला पैसे पडत नाहीत, म्हणून ते पॅकेजमध्ये नसते.

आता सुईकडे वळू. मानेच्या तळाशी 'दाझुई' आणि कोपराजवळ 'छ्युछी' हे उष्णता काढणारे बिंदू अशी परंपरा आहे. मनगटाजवळच्या 'नेइगुआन' बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग होतो, हे चाचण्यांतून दिसले आहे. ते मी आनंदाने मान्य करतो. पण उष्माघात म्हणजे मळमळ नव्हे. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध होतो. तेव्हा मिनिटे मोलाची असतात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, आणि त्याला पाणी, मीठ, वारा लागतो. एप्रिलमध्ये टोचलेली सुई मे महिन्यातल्या उन्हापासून वाचवते, याला भक्कम पुरावा नाही. आणि अशा हमीवर विसंबून एखादे आजोबा भर दुपारी बँकेत चालत निघाले, तर काय?

पुड्यांचे तर विचारूच नका. 'हुओशियांग झेंगछी' हे चीनमधले उन्हाळ्याचे लोकप्रिय औषध. त्याच्या एका द्रवरूपात भरपूर अल्कोहोल असते. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांनी हे फळ्यावर लिहून ठेवावे.

यावर 'हजारो वर्षांचे ज्ञान आहे हो!' हे ठरलेले उत्तर येते. त्या ज्ञानाचा खरा सन्मान कसा करायचा, हे तु योयो या चिनी बाईंनी दाखवले. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात हिवतापावर एका वनस्पतीचा रस पिळून घ्यायला सांगितले होते, उकळायला नव्हे. त्यावरून १९७१ मध्ये त्यांनी कमी उष्णतेत अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये नोबेल. जुन्या पोथीला त्यांनी नमस्कार केला आणि तिची परीक्षाही घेतली.

दुसरे उत्तर येते डॉ. कोटणीसांच्या नावाने. सोलापूरचे हे सुपुत्र १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पण ते शल्यचिकित्सक होते. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंकडे जाते. थोर माणसाचे नाव दुकानाच्या पाटीसाठी वापरू नये, एवढेच म्हणतो.

आणि आता मुख्य मुद्दा. ज्या चीनची सुई आपण आणली, तो चीन उन्हाळ्यात नुसत्या सुईवर विसंबत नाही. २०१२ पासून तिथे नियम आहे : तापमान ४० अंशांवर गेले, तर त्या दिवशी उघड्यावरचे काम बंद. ३७ ते ४० असेल, तर उघड्यावर एकूण सहा तासांहून अधिक काम नाही, आणि सर्वांत तापलेल्या तीन तासांत मुळीच नाही. ३५ च्या वर उघड्यावर राबणाऱ्याला उष्णतेचा भत्ता. कामावर झालेला उष्माघात हा व्यावसायिक आजार मानला जातो. नियम सगळीकडे पाळले जात असतीलच असे नाही. पण बोट दाखवायला नियम तरी आहे! आपल्याकडे 'दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका' अशी सूचना वर्तमानपत्रात येते आणि तेव्हाच समोरच्या इमारतीवर गवंडी भिंत रचत असतो. त्याला वर्तमानपत्र वाचायला वेळ नाही, आणि दहा बैठकांचे पैसेही नाहीत.

उन्हाने मरतो तो बहुधा हाच माणूस, नाहीतर पत्र्याच्या खोलीत एकटी पडलेली म्हातारी. पॅकेज विकत घेणारा पंख्याखाली बसलेला असतो.

वाचकहो, दुखऱ्या गुडघ्यासाठी सुई टोचून घ्यायची तर खुशाल घ्या, पण नोंदणीकृत माणसाकडे. उन्हाळ्यासाठी मात्र ते पैसे वाचवा. सोसायटीच्या दारात माठ ठेवा, वॉचमनच्या खुर्चीवर छप्पर घाला, कामवाल्या बाईंना उन्हं उतरल्यावर यायला सांगा. आणि मते मागायला येणाऱ्याला विचारा, गवंड्याच्या दुपारच्या सुट्टीचा नियम कधी करताय?