ग्रामसभेचा नकार हा नकारच असला पाहिजे!

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. आपल्या हद्दीतल्या डोंगरावर शेकडो सदनिकांची वसाहत उभी राहावी की नाही, हे ठरवण्याचा खरा अधिकार त्यांतल्या एकीच्याही हाती नाही. हे आम्ही पूर्ण जबाबदारीने लिहीत आहोत. १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या ६६ व्या कलमाने बांधकाम परवान्याचे काम पंचायतीकडे दिले खरे. पण ती फाइल पंचायतीच्या टेबलावर येईपर्यंत सारे ठरून गेलेले असते. जमिनीचा झोन पणजीत ठरलेला असतो, नगरनियोजन खात्याची तांत्रिक परवानगी जोडलेली असते, रूपांतराची सनद निघालेली असते. मग पंचायतीने नाकारायचे ते कशाच्या बळावर? आणि धाडस करून नाकारलेच, तर बिल्डर पंचायत खात्याच्या वरिष्ठांकडे अपील घेऊन जातो. हात उंचावून एकमताने केलेला ग्रामसभेचा ठराव तिथे लोकभावना ठरतो, निर्णय ठरत नाही.

२०२४ मध्ये सांकवाळला महाप्रकल्पाविरुद्ध उपोषण झाले. आपल्याच गावच्या डोंगरासाठी माणसाला उपाशी बसावे लागते, याची लाज राज्यकर्त्यांना वाटली पाहिजे!

गोमंतकीय जनता मुकाट बसणारी नाही. प्रादेशिक आराखडा २०११ डोंगर आणि शेते बांधकामाला मोकळी करतो आहे हे कळताच लोक रस्त्यावर उतरले, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा गुंडाळावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरिया यांच्यासारखा वास्तुविशारद कृती दलात आला, नकाशे गावोगावी गेले, लोकांनी आपल्या गावचा नकाशा स्वतः तपासला. इतके करूनही पुढे काय झाले? नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६ब आले. २०२३ मध्ये १७(२). २०२४ मध्ये ३९अ. कलमांचे क्रमांक बदलले, हेतू तोच राहिला: गावाने मिळून आखलेली रेघ एकट्यादुकट्याच्या अर्जावर पुसायची. १७(२) आणताना सांगितले गेले की आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या आहेत. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियमच रद्द केले. ३९अ मध्ये सूचना-हरकतींना तीस दिवस दिले, ग्रामसभेच्या संमतीची अट मात्र घातली नाही. खाजनात लावणी करणारी बाई राजपत्र चाळत बसणार आहे काय?

यावर ठरलेले उत्तर येते: तुम्ही विकासाचे विरोधक. आम्ही विचारतो, ही घरे कोणासाठी? २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाच घरांपैकी साधारण एक घर रिकामे आढळले होते. आणि १९७५ मध्ये मुंडकार कायदा होऊनही पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य असलेल्या घराखालची जमीन नावावर व्हावी म्हणून कुटुंबे अजून मामलेदार कचेरीचे उंबरठे झिजवत आहेत. गावातला नोकरदार तरुण भाड्याच्या खोलीत संसार मांडतो, कारण त्याच्याच गावातला जमिनीचा भाव त्याच्या ऐपतीबाहेर गेला आहे. त्याला घर हवे आहे, आणि ते मिळालेच पाहिजे. टेकडी कापून बांधलेल्या, वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद असलेल्या सदनिकांनी त्याची गरज भागत नाही. त्याच्या विहिरीचे पाणी तेवढे आटते.

दोष एकट्या पणजीचा नाही. ग्रामसभेत लोकांच्या बाजूने गर्जना करणारे आणि पंचायतीच्या बैठकीत गुपचूप परवाना मंजूर करणारे सरपंच व पंच आपण पाहिले आहेत. त्यांना निवडून कोणी दिले? चतुर्थीला आणि जत्रेला अख्खा गाव जमतो. रविवारच्या ग्रामसभेला मात्र खुर्च्या रिकाम्या! जो गाव स्वतःच्या सभेला जात नाही, त्याचा डोंगर विकणे दलालाला सोपे जाते. हे कटू आहे, पण सांगायलाच हवे.

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत ग्रामीण गृहनिर्माण आहे, पिण्याचे पाणीही आहे. ते कागदावरून गावात आणा. पंचायत राज कायदा दुरुस्त करा. कोणताही झोन बदल आणि कोणताही मोठा गृहप्रकल्प यांना ग्रामसभेची पूर्वसंमती बंधनकारक करा. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, रस्ता किती भार सोसणार, याचा अहवाल मराठीत आणि कोकणीत सभेपुढे ठेवल्याशिवाय मतदान घेऊ नका. गावाने नकार दिला, तर तो फिरवण्याची मुभा कोणत्याही अधिकाऱ्याला नको. ज्याला तो बेकायदा वाटतो, त्याने न्यायालयात जावे. हे विधेयक येत्या अधिवेशनातच मांडा. ज्या आमदाराला ते मान्य नसेल, त्याने आपला विरोध आधी स्वतःच्या मतदारसंघातल्या ग्रामसभेत, लोकांसमोर उभे राहून नोंदवावा.