हजारसाली गेली, एकसालीचं काय?



गोल्फ हा खेळ आपल्यापैकी कुणी खेळलेला नाही. लोखंडी काठीने लहानसा पांढरा चेंडू लांब मारायचा आणि शेवटी जमिनीतल्या भोकात घालायचा. अशी अठरा भोकं. आपला विटीदांडू पाड्यावरच्या अंगणात मावतो, ह्या खेळाला शंभर-दीडशे एकर लागतात. गवत बारीक कापलेलं, आणि त्यावर बैल सोडा, शेळीसुद्धा येऊ द्यायची नाही. तरी ह्या वेळी आम्ही एका गोल्फच्या मैदानावर लिहितो आहोत, कारण त्याची हकीकत वाचताना आम्हाला आपलेच कागद आठवले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंड नावाचं लांबट बेट आहे. तिथं साउदॅम्प्टन गावाजवळ, समुद्राच्या वाऱ्यावरच्या टेकड्यांवर शिनेकॉक हिल्स गोल्फ क्लब आहे. 1891 साली सुरू झालेला, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी एक. खासगी आहे. सभासदाने बरोबर नेलं तरच पाहुण्याला खेळायला मिळतं. देशातली मोठी स्पर्धा तिथं 1896, 1986, 1995, 2004 आणि 2018 साली झाली. शिनेकॉक हे नाव मात्र क्लबाचं नाही. ते तिथल्या आदिवासींचं आहे. जमीन घेतली, नावही घेतलं.

इंग्रज वस्तीवाले तिथं 1640 साली आले. 1703 साली कागद झाला. जमीन गावाच्या गोऱ्यांची, आणि टेकड्या शिनेकॉक लोकांना हजार वर्षांच्या पट्ट्याने. हजार वर्षं! आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात जंगलजमीन एका वर्षाच्या पट्ट्याने दिली, म्हणून आपण तिला एकसाली म्हणतो. त्यांची हजारसाली होती. ती 156 वर्षं टिकली. 1859 साली राज्याच्या विधिमंडळाने पट्टा मोडला, टेकड्या गोऱ्यांकडे गेल्या आणि आदिवासींच्या हाती खालची सुमारे 800 एकरांची जमीन राहिली. ह्यासाठी आदिवासींच्याच सह्यांचा अर्ज दाखवला गेला. लोक तेव्हापासून सांगत आले की त्या सह्या खोट्या, काही नावं तर मेलेल्या माणसांची. मेलेल्याचा अंगठा कसा उठतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कायदा नव्हता असंही नाही. 1790 पासून तिथं देशाचा कायदा होता की केंद्राच्या मंजुरीशिवाय आदिवासींची जमीन घेता येणार नाही. आपल्या महसूल कायद्यातल्या कलम 36अ सारखाच म्हणा. कायदा पुस्तकात राहिला.

मग मैदान बांधायला मजूर कोण? शिनेकॉकच. सुमारे दीडशे माणसं आपल्याच टेकड्यांवरची झुडपं तोडायला रोजावर गेली. त्या टेकड्यांवर पूर्वजांच्या समाधीचे उंचवटे होते. मैदानाचं काम केलेल्या विली डन याने पुढे स्वतः लिहून ठेवलं की काही उंचवटे तसेच ठेवून चेंडूला अडथळा केला, काही खरवडून वाळूचे खड्डे केले, आणि पुढे खेळताना त्या वाळूतून कधी हाडं निघत. आज तिथं चेंडू वाळूत अडकला की खेळणारा हळहळतो. खाली काय आहे ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. 1896 च्या स्पर्धेत मैदानावर काम शिकलेली दोन पोरं उतरली, ऑस्कर बन हा शिनेकॉक आणि जॉन शिपन हा काळा. गोरे खेळाडू म्हणाले, हे दोघं असतील तर आम्ही खेळत नाही. संघटनेचा अध्यक्ष हॅवमायर अडून बसला. दोघांनाच खेळावं लागलं तरी स्पर्धा होणार, असं त्याने बजावलं. तेव्हा गोरेही मुकाट खेळले. पहिल्या फेरीनंतर शिपन आघाडीच्या जवळ होता. पुढे एका भोकाला त्याला अकरा फटके लागले आणि मागे पडला.

जमिनीचा दावा शिनेकॉक लोकांनी 2005 साली लावला, मैदानासह सुमारे 3,600 एकरांचा. 2006 साली कोर्टाने तो काढून टाकला. कारण काय, तर फार उशीर झाला, आता मागणं मान्य केलं तर बसलेल्या लोकांची घडी मोडेल. 2015 साली वरच्या कोर्टाने तेच धरलं, 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाच घेतलं नाही. सरकारने त्यांना टोळी म्हणून मान्यता दिली ती 2010 साली, अर्ज 1978 चा. बत्तीस वर्षं तुम्ही कोण हेच ठरत नव्हतं, आणि वर म्हणायचं उशीर तुम्ही केला! आम्हाला ह्याचा राग येतो, आणि भीतीही वाटते.

कारण त्याच 2006 साली आपल्याकडे वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला दावा लावता येतो. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून जुन्या विहिरी, मसणवटा, देवस्थानं धरली आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही. शिनेकॉकांच्या समाध्या कोर्टात त्यांना जमीन मिळवून देऊ शकल्या नाहीत. आपल्या मसणवट्याचा दगड आज पुराव्यात चालतो. तरी किती पाड्यांवर त्याचा नकाशा काढून झाला? किती आजी-आजोबांचे जबाब कागदावर आले? फॉरेस्टवाले जीपीएस घेऊन येतील याची वाट पाहत बसलो तर ते आपल्याला सोयीचं तेवढंच मोजतील.

वनहक्क समितीच्या साथींनी पावसाआधी पाड्यापाड्यावर बसावं. ज्यांना सत्तरच्या पुढचं वय आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, आजारी असतील तर घरी जा. विहीर कुणी खणली, वाघदेव कुठे, कुणाला कुठे पुरलं, हे त्यांच्या बोलीत आहे तसंच लिहा. लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच अंगठा घ्या. एक प्रत गावात राहू द्या.