दारूसाठी रक्त, मोबाइलसाठी काय?

मार्च 2025 मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण केले, ते परिवहनमंत्र्यांपर्यंत पोहोचले आणि चालकाची नोकरी गेली. बस सुखरूप पोहोचली म्हणून प्रकरण तिथेच मिटले. तीच बस घाटात कुणावर आदळली असती आणि कुणीही चित्रीकरण केलेले नसते, तर चालकाचे डोळे रस्त्यावर नव्हते हे सिद्ध कसे झाले असते?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी मोबाइलच्या वापरामुळे झालेले मृत्यू 3,395, म्हणजे जेमतेम दोन टक्के. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून पाहिले तरी हा आकडा पटत नाही. पोलीस अपघाताचे जे कारण नोंदवतात त्यातून हे आकडे तयार होतात. वेग टायरच्या खुणांवरून आणि पत्र्याच्या चेंदामेंद्यावरून कळतो, दारू रक्तात सापडते. विचलित झालेले लक्ष मात्र मागे काहीच ठेवत नाही.

खरे तर त्याचा परिणाम मोजला गेला आहे. टोरोंटोतील संशोधकांनी 1997 मध्ये 699 वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रुग्णालयात दाखल झालेल्या 456 जखमी चालकांच्या अभ्यासातही तोच चौपटीचा आकडा निघाला. दोन्ही अभ्यासांत हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांचा धोका कमी नव्हता. कारण अडचण हाताची नसून मेंदूची आहे. संभाषणात गुंतलेला मेंदू डोळ्यांसमोरचे दृश्य घेतो, पण त्याची दखल घेत नाही. ‘माणूस अचानक समोर आला’ असे चालक सांगतो तेव्हा तो दरवेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्या मेंदूपुरता तो माणूस खरोखरच अचानक आलेला असतो. संदेश वाचण्याचे गणित तर आणखी सरळ आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पाच सेकंदांत 111 मीटर अंतर कापते. तेवढा रस्ता डोळे मिटून पार केला जातो.

आपला कायदा अजून हातातच अडकला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर ‘हातात धरलेल्या’ उपकरणाचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कानात यंत्र घालून तासभर वाद घालत गाडी हाकणारा या व्याख्येत बसत नाही.

मृत्यू झाला की भारतीय न्याय संहिता लागू होते. जुन्या 304-अ कलमाखाली हयगयीने झालेल्या मृत्यूला कमाल दोन वर्षे शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून कलम 106(1) खाली ती पाच वर्षे झाली. (डॉक्टरांसाठी याच कलमात दोन वर्षांचीच मर्यादा ठेवली आहे, हे जाता जाता नमूद करायला हवे.) गुन्हा जामीनपात्र आहे. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे 106(2) मालमोटार चालकांच्या आंदोलनानंतर रोखून धरले गेले.

याहून कडक कलम सदोष मनुष्यवधाचे. त्यासाठी आपल्या कृत्याने मृत्यू होऊ शकतो याची आरोपीला जाणीव होती हे दाखवावे लागते. मुंबईत कार्टर रोडवर 2006 मध्ये पदपथावर झोपलेल्या सात जणांचा जीव गेला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली, आणि चालकाच्या रक्तातील अल्कोहोलचा अहवाल त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. मग मोबाइल पाहणाऱ्याला ही जाणीव नसते असे कसे म्हणायचे? प्यायलेला माणूस ठरवले तरी लगेच शुद्धीवर येऊ शकत नाही. मोबाइल मात्र कोणत्याही क्षणी खाली ठेवता येतो, त्यामुळे तो न ठेवणे ही दर सेकंदाला नव्याने केलेली निवड ठरते. तरीही अशा प्रत्येक चालकावर सरसकट सदोष मनुष्यवध लावणे घाईचे होईल. वाजलेला फोन सवयीने उचलणारा आणि भरधाव बस चालवत सामना पाहणारा यांत फरक आहे, आणि तो फरक पुराव्यावरूनच ठरू शकतो.

नेमका तोच पुरावा गोळा होत नाही. दारूसाठी व्यवस्था चोख आहे. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. हे प्रमाण ताशी साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमने उतरते हे ठाऊक असल्याने पोलीस चालकाला लवकर रुग्णालयात आणतात. डॉक्टर रक्त घेतात, नमुना मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत जातो. अपघात विभागात ‘तोंडाला दारूचा वास येतो का’ हे न चुकता लिहिले जाते, मोबाइलबद्दल सहसा कुणी विचारतही नाही. नंतर विचारून फार उपयोग नसतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या स्मृतीतून अपघाताआधीची मिनिटे पुसली जातात आणि ‘आठवत नाही’ हे उत्तर प्रामाणिक असू शकते.

दूरसंचार कंपनीकडून कॉलच्या नोंदी मिळतात. पण व्हॉट्सअॅपवरचा संदेश किंवा चालू असलेली चित्रफीत त्यांत दिसत नाही; त्यासाठी फोनच तपासावा लागतो. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. कलम 106(1) ची शिक्षा पाच वर्षे असल्याने असे अपघात त्याखाली येत नाहीत. चालकाच्या खासगीपणाचा प्रश्नही खरा आहे. न्यूयॉर्कमध्ये अपघातानंतर जागेवरच फोन तपासणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव याच आक्षेपामुळे अडला. पण तपासाला चालकाची छायाचित्रे आणि संभाषणे लागत नाहीत. धडकेच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत पडदा चालू होता का, त्यावर कोणते अॅप उघडे होते, एवढेच हवे असते, आणि तेवढ्यापुरताच आदेश न्यायालय देऊ शकते.

त्यासाठी फोन पहिल्या तासात पंचांसमक्ष ताब्यात यायला हवा. सध्या जखमी चालकाचा फोन अनेकदा अपघात विभागातल्या टेबलावर पडून असतो, आणि थोड्या वेळाने घड्याळ व पाकिटासोबत नातेवाइकांच्या हाती दिला जातो.