पिवळ्या पट्ट्यात बौद्धवाडा कुठे आहे?

कोल्हापूरभोवतीच्या शेतजमिनी निवासी पट्ट्यात घ्यायच्या की नाहीत, हा वाद करवीर आणि हातकणंगले तालुक्यांना नवा नाही. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण पुढे कित्येक दशके शहराची हद्द होती तिथेच राहिली. हद्दवाढीला गावांनी विरोध केला. तेव्हा मधला मार्ग म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये ४२ गावांचे कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमण्यात आले. मग त्यालाही विरोध सुरू झाला. एका बाजूला शहरातले पुढारी आणि बांधकाम व्यावसायिक, दुसऱ्या बाजूला गावोगावचे बागायतदार आणि सरपंच. दोघांचीही भाषणे ऐकली तर या गावांत फक्त सातबारावालेच राहतात असे वाटावे. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, तो भूमिहीन या वादात कुणाच्याच तोंडी नाही.

काळी कसदार जमीन बिल्डरच्या घशात जाऊ नये, हे शेतकऱ्याचे म्हणणे रास्तच आहे. पण उसाच्या फडाचे प्लॉट पडले की मालकाच्या हाती निदान पैसा येतो. त्याच फडात भांगलण करून पोट भरणाऱ्या आमच्या आयाबहिणींचा रोजगार जातो, त्याची भरपाई कोण देणार? जमिनीचा भाव वाढला की मालक श्रीमंत होतो आणि भूमिहीन आणखी दूर फेकला जातो.

शासनाच्या योजनांकडे पाहा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यांच्या नावाने २००४ मध्ये सबलीकरण व स्वाभिमान योजना आली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, असे ठरले. २०१८ मध्ये खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख रुपये करण्यात आली. पण पट्टा पिवळा झाला की जमीन एकराने विकली जात नाही, गुंठ्याने विकली जाते. त्या बाजारात या रकमेला कोण विचारतो? रमाई घरकुल योजना घर बांधायला पैसे देते, पण घराखाली स्वतःची जागा हवी. ती जागा कुठून आणायची?

२०१३ मध्ये राज्य शासनाने मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम केला. मात्र तो १० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी होता. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत भरली. म्हणजे मोठ्या शहरातल्या गरिबाला कागदावर का होईना हक्क मिळाला आणि कोल्हापूरचा गरीब कागदावरही आला नाही. लोकसंख्या कमी आहे म्हणून बेघराची गरज कमी होते काय?

हे घडते आहे ते राजर्षी शाहू महाराजांच्या भूमीत! महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन मोडून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या. गुलामीतून सुटायचे तर पायाखाली स्वतःची जमीन हवी, हे त्या राजाला कळले होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले, तेही याच लढ्याचा भाग होते. आज शहरे वाढतात तेव्हा पहिली नजर जाते ती अशाच जमिनींवर. पुण्याजवळ मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये राज्यभर गाजला. तो प्रसंग विसरू नका.

गायरानाचेही तेच. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, तर त्यांचा अपवादही केला. अतिक्रमणाची नोटीस तत्परतेने झोपडीवर चिकटते. अपवादाचे ते वाक्य मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

आमचा घरांना विरोध नाही. आमचा सवाल आहे, घरे कुणाची? पट्टा बदलायचाच असेल तर बदललेल्या जमिनीतला ठरावीक वाटा भूमिहीनांच्या घरांसाठी आराखड्यातच राखून ठेवा. बौद्धवाडा, मातंगवस्तीच्या गावठाणाला विस्तार द्या. रस्ता आणि स्मशानभूमी नकाशावर दाखवा. आणि हा वाटा नदीकाठच्या खोलगट जागेत देऊ नका. २०१९ मध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली, तेव्हा पाणी कुठवर आले हे सर्वांनी पाहिले आहे.

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कायद्याने हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. धनदांडग्यांचे वकील पहिल्याच दिवशी नकाशा घेऊन बसतात. आपल्याकडे नोटीस फाटून गेल्यावर चर्चा सुरू होते. हे थांबले पाहिजे. प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी बुद्धविहारात नकाशा मांडून लोकांना समजावून सांगावा, ग्रामसभेत ठराव मागावा आणि घराघरांतून लेखी हरकत द्यावी. हरकतीची पोच घ्यायला विसरू नये. जयंतीला एकत्र येणारा समाज या ३० दिवसांतही एकत्र आला पाहिजे. एकदा नकाशावर शिक्का बसला की मोर्चाने तो पुसता येत नाही.